टॉवेलाखालची आवडनिवड

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या गावच्या बाजारपेठेतील दोन दुकाने पाहण्याजोगी असतात. ती एकमेकांना लागूनच आहेत. पहिले साड्यांचे. तिथे पांढऱ्या गादीवर बायका ऐसपैस बसलेल्या असतात. समोर साड्यांचा डोंगर झालेला असतो, तरी ‘हा काठ जरा अंगावर येतोय’, ‘अंजिरी नाही का हो त्यात?’ असे चालूच असते. कुणाचे तरी यजमान कोपऱ्यात घड्याळ पाहत बसलेले असतात. त्यांचेही मत विचारले जाते आणि न ऐकता बाजूला ठेवले जाते. दुकानदार चहा मागवतो. दोन तास सहज जातात.

मग त्याच बाई पायऱ्या उतरतात आणि शेजारच्या होजिअरीच्या दुकानात शिरतात. मघाचा तो मोकळा आवाज आता खाली आलेला असतो. बनियन घ्यायला आलेला गृहस्थ निघून जाईपर्यंत त्या उगाच रुमालांच्या गठ्ठ्याकडे पाहतात. तो गेला, की काउंटरपलीकडच्या माणसाला हळूच एक आकडा सांगतात. तो मागच्या फळीवरून खोका काढतो. खोक्याचे झाकण अर्धे उघडते आणि मिटते. ‘पांढरी की स्किन?’ एवढा एकच प्रश्न, त्याला एका शब्दाचे उत्तर. काळ्या पिशवीत पुडके जाते आणि बाई बाहेर. सगळी मिळून तीन मिनिटे! जी साडी वर्षातून चार वेळा नेसायची तिला दोन तास आणि जी ब्रा रोज चौदा तास अंगावर वागवायची तिला तीन मिनिटे.

सणाच्या अंकात, जो घरातली थोरमोठी आणि मुलेबाळे सगळीच वाचतात, हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. मलाही संपादकांना विषय कळवताना क्षणभर वाटले. पण मी दहावीनंतर शिवणाचा अभ्यासक्रम करून शाळेत शिवण शिकवणारी बाई. टेप गळ्यात घालून माझे निम्मे आयुष्य गेले. शिवाय फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझ्या कादंबऱ्यांतल्या बायकांनी साड्या घेतल्या, डोरली मोडली, उसनी साखर मागितली. पण एकीनेही कधी स्वतःसाठी आतले कपडे घेतलेले मी दाखवले नाही. ही चूक इतरांबरोबर माझीही आहे. म्हणून हे टीकालेखन घरापासूनच सुरू केलेले बरे.

आपल्याकडे असे समजले जाते की, या कपड्यांच्या बाबतीत बायकांच्या आवडी वेगवेगळ्या असतात. दुकानदारही तेच सांगतात. वयस्क बायकांना पांढरी सुती आवडते, नोकरीवाल्यांना ‘स्किन’, कॉलेजातल्या मुलींना गादीची, म्हणजे पॅडेड, आणि आठवड्याच्या बाजारात ढिगातून उचलणाऱ्यांना स्वस्त मिळाली की पुरे. वरवर पाहता हे खरेच आहे. पण शिवणाची बाई असल्यामुळे बायका माझ्यापाशी जरा मोकळ्या बोलतात, आणि त्या बोलण्यातून मला निराळेच काही दिसू लागले आहे.

सुती कापड अंगाला बरे, घाम टिपते, काचत नाही, हे प्रत्येकीला ठाऊक असते. तरी आमच्या आळीतल्या एक काकू वर्षानुवर्षे नायलॉनची घेतात. का, तर त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात कपडे वाळत घालायची दोरी पुढच्या अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. मग ब्रा वाळायची ती टॉवेलाखाली, नाही तर परकराच्या आड, नाही तर न्हाणीतल्या खुंटीवर. टॉवेलाखाली सुती कपडा पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. नायलॉन रात्रीत वाळते. काकूंच्या पाठीवर घामोळे उठते, तरी त्या नायलॉनच घेतात. दुकानदार मात्र म्हणतो, त्यांना नायलॉन आवडते. आता ही आवड काकूंची म्हणावी की दोरीची?

दुसरी एक मैत्रीण परिचारिका आहे. तिला रंगाची फार हौस. पण पांढऱ्या गणवेशाखाली रंग उठून दिसतो, म्हणून सगळ्या पांढऱ्या. तिसरी काळीच घेते, कारण काळ्यावर डाग दिसत नाहीत आणि धुताना निळीचा व्याप नाही. गादीची ब्रा घेणाऱ्या मुलींना लोक हसतात, नटण्याची हौस म्हणतात. त्यांच्यातल्या एकीने मला सांगितले, ‘बाई, बसमध्ये गर्दीत अंगावर काहीतरी जाड असलं की बरं वाटतं.’ हे ऐकल्यावर मी कुणाच्या निवडीला हसणे सोडून दिले.

आणि ‘स्किन’ हा रंग! कातडीचा रंग म्हणून जो फिकट बिस्किटी रंग आपल्याला विकला जातो, त्या रंगाची कातडी आमच्या वर्गातल्या चाळीस मुलींत एकीचीही नाही. तरीही आपण बिनदिक्कत ‘स्किन द्या’ म्हणतो. दाखवायला खोक्यात तेवढेच असले, की माणसाला तेवढेच आवडू लागते.

मापाची गोष्ट तर याहून वाईट. माप म्हणजे एक आकडा आणि एक अक्षर. आकडा हा छातीच्या खालच्या, फासळ्यांवरच्या घेराचा. अक्षर हे तो घेर आणि छातीचा पूर्ण घेर यांतल्या फरकाचे. साधारण हिशेबाने एक इंच फरक असला तर ए, दोन इंचांना बी, तीनला सी, चारला डी. ही अक्षरे १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या कारखानदारांनी रूढ केली. आमच्या शिंप्यांची भाषा याहून सरळ आहे. ते ‘कटोरी ब्लाउज’ म्हणतात आणि कटोरीची खोली वेगळी मोजतात, कमरपट्टी वेगळी. पण तीच बाई दुकानात जाते तेव्हा फक्त आकडा सांगते. कटोरी लहान पडून घट्ट झाली, की ती चौतीसची छत्तीस मागते. वास्तविक तिला चौतीसच, पण पुढच्या अक्षराची हवी असते. छत्तीसचा पट्टा मग पाठीवर सैल पडतो, सैल पडला की वर सरकतो. जो भार मुख्यतः त्या पट्ट्याने तोलायचा तो सगळा खांद्यावरच्या दोन पट्ट्यांवर येतो. पन्नाशीतल्या कितीतरी बायकांच्या खांद्यांवर जे खोल वळ दिसतात ते बहुधा या चुकीच्या आकड्याचे असतात. त्या मात्र म्हणतात, ‘मला कुठलीच नीट बसत नाही, माझं अंगच तसलं.’ म्हणजे दोष मापाचा, आणि बोल मात्र स्वतःच्या अंगाला!

कपडा घालून पाहण्याची सोय नाही, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी भिंतीवर, आणि माप नजरेने सांगणारा पलीकडे बहुतेक ठिकाणी पुरुष. यातले बरेच जण सज्जन असतात, खाली मान घालून बोलतात, ‘ताई’ म्हणतात. त्यांना पाहून मला ‘शाकुंतला’तला कंचुकी आठवतो. पाचव्या अंकाच्या आरंभी काठी टेकत येणारा तो म्हातारा. अंतःपुराची राखण करणारा म्हणून त्याला तिथे मुभा. आणि अंगात लांब कंचुक घालतो म्हणून नाव कंचुकी. तोच शब्द पुढे आपण बाईच्या चोळीलाही लावला. काय योगायोग आहे पाहा! आजही बाईच्या कंचुकीपर्यंत जायचे तर आधी या दुसऱ्या कंचुकीची परवानगी काढावी लागते. तो दाखवील ते पाहायचे, तो सांगेल ते माप.

कुणी म्हणेल, ही तर आपली मराठी लाज. ती पूर्वापार चालत आली आहे. मला हे पटत नाही. आपल्याकडे चोळीची लाज कधीच नव्हती. गुळेदगुडच्या मागावरचा खण आजही ओटीत उजळ माथ्याने जातो. बाईच्या वस्त्राच्या आणि हातखर्चाच्या तरतुदीला आपण ‘चोळीबांगडी’ म्हणतो. हा शब्द पंचांसमोर, कागदोपत्री, बिनदिक्कत उच्चारला गेला आहे. जात्यावरच्या ओव्यांतून भाऊ बहिणीला चोळी घेतो, तिचा रंग पारखतो, आणि बहीण त्याचे कौतुक गाते. भाऊबिजेच्या ताटात चोळी होती. पुढे गाठ मारायची ती चोळीच तर अंगाला आधार देण्याचे काम करत होती. पुढे चोळीचे पोलके झाले, पोलक्याचा ब्लाउज झाला, आणि ते आधाराचे काम आत घातलेल्या एका नव्या कपड्याकडे गेले. काम जुनेच, पण कपडा लपलेला. या नव्या कपड्याला आपण धड नावही दिले नाही. आमच्या आज्या त्याला ‘बॉडी’ म्हणत. आम्ही ‘ब्रा’ म्हणतो, तेही खालच्या आवाजात. आणि चारचौघांत ‘आतले कपडे’. ज्याला नाव नाही त्याची मागणी कशी करावी? ‘अंतर्वस्त्र’ हा शब्द तर पाठ्यपुस्तकातला. तो उच्चारून कुणी खरेदी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

साहित्याची बाजूही काही वेगळी नाही. पेशवाईतल्या शाहिरांच्या शृंगारिक लावण्यांत चोळी वारंवार येते. तिचा रंग येतो, तिचा कस येतो, तिची तंग गाठ येते. पण ती पाहणाऱ्याच्या नजरेने येते. तंग गाठ घालणारीला काचते की नाही, हे त्या शाहिरांना विचारावेसे वाटले नाही. ओव्या रचणाऱ्या बायकांना चोळीचे कौतुक होते, कारण ती माहेरची होती. या दोन्हींच्या मध्ये एक जागा रिकामी राहिली: चोळी घालणाऱ्या बाईला तिच्यात दिवसभर वावरताना काय वाटते, ही. आम्ही आजच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी ती भरायला हवी होती. आम्ही बाईच्या मनाचे पापुद्रे सोलत बसलो आणि तिच्या खांद्यावरचा वळ काही पाहिला नाही.

नवल असे की, या कपड्यात ज्या खऱ्या सुधारणा झाल्या त्या बहुतेक अशा काचण्यातूनच झाल्या. १९१४ साली न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब हिने ज्याचे एकस्व घेतले तो कपडा तिच्याच सांगण्याप्रमाणे आधी दोन रुमाल आणि रिबन यांचा होता. तंग कॉर्सेटची काडी पोशाखाखालून दिसू लागली, म्हणून मोलकरणीला हाताशी घेऊन तिने तो घरीच जुळवला. पुढे १९७७ साली अमेरिकेतच लिसा लिंडाल या धावणाऱ्या बाईला नेहमीच्या ब्रामध्ये धावणे नकोसे झाले. तेव्हा नाटकाचे कपडे शिवणारी तिची मैत्रीण पॉली स्मिथ हिने पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून पहिला नमुना केला. हिंडा मिलर ही तिसरी मैत्रीण त्यांना मिळाली आणि खेळाडू बायकांसाठीची ब्रा बाजारात आली. आणि बरोबर त्याच वर्षी, १९७७ साली, कॅलिफोर्नियात रॉय रेमंड या गृहस्थाने ‘व्हिक्टोरियाज सीक्रेट’ हे दुकान काढले. त्याची अडचण वेगळी होती: बायकोसाठी असले कपडे घ्यायला जाताना त्याला संकोच वाटे. म्हणून पुरुषांना संकोच वाटू नये असे दुकान! १९८२ साली ते दुसऱ्याने विकत घेतले आणि त्या नव्या मालकाच्या लक्षात आले, की इथे गिऱ्हाईक म्हणून बाईचाच विचार झालेला नाही. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. एक कपडा धावणारीच्या गरजेतून निघाला, एक दुकान पाहणाऱ्याच्या अडचणीतून.

आपल्याकडेही पाहणाऱ्याचीच काळजी अधिक. २०१३ साली मुंबई महानगरपालिकेत एक ठराव संमत झाला: दुकानांबाहेर आतले कपडे घातलेल्या बाहुल्या उभ्या करू नयेत, त्याने पुरुषांची मने चळतात. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका स्वतः बाईच होत्या, आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. रस्त्यात तसल्या बाहुल्या पाहून मीही मान फिरवते. पण त्या सगळ्या गदारोळात दुकानाच्या आत काय असते, याची चौकशी कुणी केली नाही. आत कपडे घालून पाहायला एक आडोसा असावा, माप घ्यायला एक बाई असावी, असा ठराव काही कुणी मांडला नाही.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. लाज म्हणजे मागासलेपण असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपले आतले कपडे चव्हाट्यावर मांडायची हौस ज्यांना नाही त्यांनी ती धरू नये. मोठ्या शहरांतल्या लखलखीत दुकानांत जाळीचे, लेसचे, जुळ्या रंगांचे जे संच टांगलेले असतात ते पाहूनही मी काही भारावत नाही. होजिअरीवाल्याने जसे खोक्यात पाहू दिले नाही तसे इथे काचेबाहेर पाहू दिले जात नाही, एवढाच फरक. फोनवरून मागवायची सोय झाली आहे. २०११ साली बंगळुरात रिचा कर यांनी ‘झिवामे’ सुरू केले ते याच संकोचावर उपाय म्हणून, आणि गावोगावच्या मुलींना त्याचा उपयोगही झाला. पण पार्सल दारात आल्यावर ते घेणारे सासरे असतात, आणि वाळत घालायची दोरी तीच असते.

तर मग बायकांच्या आवडी वेगळ्या नसतातच का? असतात, आणि चांगल्या ठसठशीत असतात! माझ्या शिवणाच्या वर्गाला शेजारपाजारच्या मोठ्या बायकाही येतात. एके वर्षी आम्ही दार लावून, एकमेकींची मापे घेऊन, कापड आणून स्वतःच ब्रा शिवायचे ठरवले. दोन सख्ख्या बहिणी, एकाच मापाच्या. एकीने जाड सुती, रुंद पट्ट्यांची, काखेपर्यंत झाकणारी शिवली. दुसरीने फुलाफुलांची, नाजूक पट्ट्यांची. एका आजींनी हूक पाठीमागे नको, पुढे हवे म्हणून हट्ट धरला, कारण त्यांचा हात मागे पोचत नव्हता आणि रोज सकाळी सुनेला हाक मारायची त्यांना चोरी वाटे. दुकानदाराला ज्या साऱ्याजणी ‘पांढरी की स्किन’ एवढ्याच ठाऊक होत्या त्यांच्या अकरा जणींच्या अकरा तऱ्हा निघाल्या. आवड अशी असते. तिला वेळ, माप आणि विचारणारे माणूस लागते.

मागल्या वर्षी माझ्या मावशीची शस्त्रक्रिया झाली. कर्करोग होता, डावा स्तन काढावा लागला. जखम भरल्यावर डॉक्टरांनी सांगितले, दोन्हीकडचा तोल सारखा राहील असे काही वापरा, नाही तर खांदा एकीकडे ओढला जाईल. आत कप्पा असलेली ब्रा आणि सिलिकॉनचा साचा मोठ्या शहरात मिळतो. पण तो महाग, आणि मावशी म्हणाली, ‘आधी इथं बघू.’ मी दुकानात गेले, समजावून सांगितले. तो भला माणूस गोरामोरा होऊन म्हणाला, ‘असलं आम्ही ठेवत नाही हो ताई, कुणी मागतच नाही.’ खरेच आहे. कोण मागणार, आणि कोणत्या शब्दांत?

मग मी घरीच साधी ब्रा उसवून आत कप्पा शिवला. मऊ कापडाची पिशवी केली, आधी नुसता कापूस भरला, पण वजन येईना. तेव्हा मधोमध मूठमूठ बाजरी घातली आणि धुताना काढता यावी म्हणून वर बंद ठेवला. आरशासमोर उभी राहून मावशीने दोन्ही खांदे सरळ केले. पुष्कळ वेळ ती पाहत होती. मला वाटले, आता रडेल. ती म्हणाली, ‘दुसरी शिवशील ना, ती मोरपिशी शीव.’

मावशी अडुसष्ट वर्षांची आहे. आयुष्यभर तिने पांढऱ्याच वापरल्या आणि आम्ही सगळ्या समजत होतो, तिला पांढऱ्या आवडतात. मी विचारले, ‘मोरपिशी तुला आवडतो, हे कधी बोलली नाहीस?’ तर म्हणाली, ‘विचारलं कुणी?’

तेव्हा यंदाच्या दिवाळीत साड्यांच्या दुकानातून उठाल तेव्हा घरातल्या बायकांनी एकमेकींची मापे घेऊन मगच शेजारच्या पायऱ्या चढाव्यात, एवढेच सुचवते. दोन टेप, पाच मिनिटे आणि एक लावलेले दार पुरते. आणि आकड्याबरोबर अक्षरही मागावे, मोठ्या आवाजात. दुकानदाराने ते ठेवलेले नसेल तर त्याला ठेवायला सांगावे. कुणी मागतच नाही, हे त्याचे उत्तर तेवढ्याने खोटे पडेल.

मोरपिशी मी भाऊबिजेच्या आदल्या दिवशी शिवून दिली. मावशीने ती धुऊन अंगणातल्या दोरीवर घातली आणि सवयीने तिच्यावर टॉवेल पांघरला. मी काही बोलले नाही. दुपारी ऊन सरकले तेव्हा तिनेच जाऊन टॉवेल थोडा बाजूला केला; ऊन लागावे म्हणून.